प्रोसेसरला किती व्होल्टेज सोसतं?

२०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांनी जगभर डोकेदुखी करून ठेवली. नवेकोरे, महागडे प्रोसेसर काही महिने छान चालायचे आणि मग गेम मध्येच बंद पडायचा, व्हिडिओ रेंडर होता होता अडकायचा, कधी ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपल्याचा भलताच संदेश यायचा. लोकांनी कार्ड बदललं, रॅम बदलली, विंडोज नव्याने टाकलं, तरी दुखणं जाईना. जुलै २०२४ मध्ये इंटेलने कारण सांगितलं: प्रोसेसरच्या मायक्रोकोडमध्ये चूक होती आणि त्यामुळे तो स्वतःसाठी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरच्या आतच बसलेला, त्याचं वागणं ठरवणारा छोटा प्रोग्राम. सप्टेंबरमध्ये आणखी खुलासा झाला. जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान यांमुळे कोअरच्या, म्हणजे प्रत्यक्ष हिशोब करणाऱ्या गाभ्याच्या, आत घड्याळाचे ठोके पोहोचवणारा भाग वेळेआधीच थकत होता. कंपनीने वॉरंटी तीन वर्षांची पाच केली आणि दुरुस्त मायक्रोकोडही दिला. पण जी चिप आधीच झिजली होती, ती काही त्याने पूर्ववत होणार नव्हती.

तेव्हापासून सांगलीत हा प्रश्न फार ऐकू येतो. विश्रामबागेत खोली घेऊन राहणारी इंजिनिअरिंगची पोरं विचारतात, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे विचारतात, फ्लेक्स डिझाइनवाले विचारतात: "दादा, सेफ व्होल्टेज किती? एक आकडा सांगा." आकडे मी टाळणार नाही, पुढे देतोच. पण सुटा आकडा घेऊन कुणी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगांत, शिरावं असं मला वाटत नाही. १.३५ व्होल्टवर एक प्रोसेसर दहा वर्षं चालेल आणि दुसरा वर्षभरात कुरकुरायला लागेल. हा फरक कुठून येतो ते कळलं, की आपला आकडा आपल्यालाच काढता येतो.

ओव्हरक्लॉकिंगमध्ये व्होल्टेज कुठून आलं?

प्रोसेसर ४.५ गिगाहर्ट्झचा आहे म्हणजे त्याच्या आतलं घड्याळ सेकंदाला ४५० कोटी ठोके देतं. प्रत्येक ठोक्याला आतले ट्रान्झिस्टर, म्हणजे अतिसूक्ष्म स्विच, चालू-बंद होतात आणि हिशोब एक पाऊल पुढे सरकतो. कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा हे घड्याळ जास्त जोरात पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

पण घड्याळ पळवलं म्हणून स्विच पळत नाही. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या तोंडाशी थोडा विद्युतभार साठावा लागतो, तेव्हाच तो उघडतो. मळ्यात गव्हाला दारं धरलेल्या माणसाला हे चटकन कळेल. एक वाफा भरला की दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं. आता समजा, वाफा भरो न भरो, ठोका पडला की दारं मोडायचंच. ठोक्यांमधला वेळ पुरेसा असेल तर वाफ्याचं शेवटचं टोकही भिजेल. तोच वेळ कमी केला तर टोकाचा गहू कोरडा राहील. मग पाण्याचा जोर वाढवावा लागतो, म्हणजे कमी वेळात वाफा भरतो. पण जोर वाढला की पाटाची माती सुटायला लागते. पहिल्याच पाळीत बांध फुटत नाही, दर पाळीला थोडी थोडी माती जाते.

व्होल्टेज म्हणजे हा जोर. ठोका पडेपर्यंत एखादा ट्रान्झिस्टर पुरता उघडला नाही, तर एकच्या जागी शून्य मोजलं जातं आणि संगणक अडकतो किंवा निळा पडदा येतो. म्हणून वेग वाढवणारा माणूस व्होल्टेजही वाढवतो.

हे महावितरणचं व्होल्टेज नव्हे

अनेकांचा इथे गोंधळ होतो, तो आधी दूर करू. भिंतीतल्या सॉकेटला २३० व्होल्ट येतात. कॅबिनेटमधला एसएमपीएस त्याचे १२ व्होल्ट करतो. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या बाजूला छोट्या चौकोनी कॉइलांची रांग असते, तो व्हीआरएम. तो या १२ व्होल्टचे साधारण १.१ ते १.३ व्होल्ट करून प्रोसेसरच्या कोअरला देतो. या शेवटच्या आकड्याला व्हीकोअर म्हणतात आणि आपण बोलतोय ते त्याच्याबद्दल. लाइट कमीजास्त झाली म्हणून व्हीकोअर हलत नाही. यूपीएस जरूर घ्या, तो अचानक बंद पडण्यापासून वाचवतो. चुकीच्या व्हीकोअरपासून वाचवत नाही.

आकडा सव्वा व्होल्टचा, तेव्हा त्यात एवढं काय, असं वाटणं साहजिक आहे. पण २०० वॉट खाणारा प्रोसेसर १.२५ व्होल्टवर १६० अँपियर करंट ओढतो. आपल्या बाथरूममधला दोन हजार वॉटचा गीझर ओढतो जेमतेम ९ अँपियर. हे १६० अँपियर नखाएवढ्या सिलिकॉनमधून जातात.

जास्त व्होल्टेजने नक्की काय झिजतं?

आधी विद्युतरोधक थर. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या गेटखाली करंट अडवणारा एक पातळ थर असतो. ९० आणि ६५ नॅनोमीटरच्या (हे चिप बनवण्याच्या तंत्राच्या पिढीचं नाव) चिपांमध्ये इंटेलचा हा थर सुमारे १.२ नॅनोमीटर जाड होता, म्हणजे अणूंचे पाचेक थर. त्याच्यावर १.२ व्होल्ट पडले तर मीटरमागे हिशोब होतो १०० कोटी व्होल्टचा. कोरड्या हवेत मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट झाले की ठिणगी पडते. २००७ मध्ये ४५ नॅनोमीटरच्या चिपांपासून इंटेलने हाफ्नियमचा अंश असलेला जरा जाड थर आणला. तरी ताण अफाटच राहिला. या ताणाखाली थरात अणूएवढे दोष तयार होत राहतात. दोषाला दोष जोडला गेला की थराच्या आरपार वाट तयार होते आणि तो ट्रान्झिस्टर कायमचा गेला. ही झीज व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. व्होल्टेज दहा टक्क्यांनी वाढलं तर या थराचं आयुष्य कित्येक पटींनी घटू शकतं.

मग तारा. ट्रान्झिस्टरांना जोडणाऱ्या तांब्याच्या तारा इतक्या बारीक असतात, की त्यांतून जाणारा इलेक्ट्रॉनांचा लोंढा धातूचे अणू हळूहळू पुढे ढकलत नेतो. एका जागी पोकळी होते, दुसऱ्या जागी ढीग साचतो. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. १९६९ मध्ये मोटोरोलातल्या जेम्स ब्लॅक यांनी त्याचं सूत्र मांडलं, ते आजही वापरतात. त्यातून दोन गोष्टी कळतात. तारेतली करंटची दाटी वाढली की आयुष्य साधारण तिच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं, आणि तापमान वाढलं की त्याहूनही झपाट्याने. तांब्याच्या तारांसाठी जे नेहमीचे आकडे धरतात ते घातले, तर ८० अंशांवरून ९० अंशांवर गेल्यावर ही झीज ढोबळमानाने दुप्पट होते. फक्त दहा अंशांत दुप्पट.

तिसरी झीज सगळ्यांत आधी जाणवते. व्होल्टेज आणि उष्णता यांखाली सतत राहिल्याने ट्रान्झिस्टर उघडायला लागणारा किमान जोरच हळूहळू वाढतो. म्हणजे जो प्रोसेसर ४.८ गिगाहर्ट्झला १.२८ व्होल्टवर बिनतक्रार चालत होता, त्याला काही महिन्यांनी १.३० लागतात. ओव्हरक्लॉक करणारे याला डिग्रेडेशन म्हणतात. इथे बहुतेक पोरं फसतात. संगणक अडकतोय म्हटल्यावर ते आणखी व्होल्टेज देतात, आठवडाभर बरं चालतं, झीज वाढते, पुन्हा व्होल्टेज द्यावं लागतं. अशा वेळी वेग शंभर-दोनशे मेगाहर्ट्झने उतरवणं हाच बरा इलाज आहे.

व्होल्टेज थोडं, उष्णता फार

प्रोसेसरच्या चालू-बंद होण्यातून निघणारी उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. उदाहरण करून बघू. एक प्रोसेसर ४.५ गिगाहर्ट्झ आणि १.२० व्होल्टला १२० वॉट घेतो. तुम्ही तो ४.८ ला नेला आणि त्यासाठी १.३५ व्होल्ट दिले. वेग वाढला पावणेसात टक्क्यांहून थोडा कमी. व्होल्टेजचा वर्ग वाढला साडेसव्वीस टक्के. दोन्हींचा गुणाकार केला की १२० चे होतात १६२ वॉट, म्हणजे ३५ टक्के जास्त. यात गळतीचा करंट धरलेलाच नाही; तो व्होल्टेज आणि तापमान दोन्हींबरोबर आणखी चढतो.

सात टक्क्यांसाठी पस्तीस टक्के. मी हा हिशोब प्रत्येकाला कागदावर मांडून दाखवतो, कारण ओव्हरक्लॉकिंगची खरी किंमत त्यात दिसते.

"पण त्या व्हिडिओत तर १.४ ला चालवलंय"

चालवलं असेल. पण ओव्हरक्लॉकिंगचा तो व्हिडिओ कुठल्या खोलीत केला ते बघा. चिपचं तापमान म्हणजे साधारण खोलीचं तापमान आणि त्यावर कूलरला न उपसता आलेल्या उष्णतेची भर. खोली २२ अंशांची आणि चिप ७८ अंशांवर असेल, तर भर ५६ अंशांची. तोच प्रोसेसर, तोच कूलर एप्रिलच्या दुपारी सांगलीत पत्र्याखालच्या खोलीत आणा. पारा चाळिशीला टेकलेला असतो. ४० अधिक ५६ म्हणजे ९६. इंटेलचे बरेचसे डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांवर स्वतःला आवरायला लागतात, एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतले बहुतेक ९५ ला. जे व्हिडिओत आरामात चाललं ते इथे कडेलोटावर असतं. शिवाय व्हिडिओसाठी चाचणी चालते काही मिनिटं. आपल्याकडे एडिटिंगवाल्याची लग्नसराईतली रात्र रेंडरवर जाते.

धुळीचंही तसंच. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानातली कॅबिनेट मी उघडली होती. कूलरच्या पंख्याच्या पात्यांवर आणि खालच्या पट्ट्यांमध्ये पिवळा, जरासा मेणचट थर बसला होता. ब्लोअरच्या पहिल्या झोतात तो उडालासुद्धा नाही, ब्रशने खरवडावा लागला. बाहेरून बघितलं तर पंखा फिरत होता, म्हणून मालक निर्धास्त होते. हवा मात्र पट्ट्यांतून जातच नव्हती. त्या संगणकावर हिशोबाशिवाय काही चालत नव्हतं म्हणून निभावलं. अशा जागी ठेवलेल्या संगणकाला वाढीव व्होल्टेज कुणी देऊ नये, मग कूलर कितीही महागाचा असो.

"लिक्विड कूलिंग लावलंय, आता काय?"

चांगलं केलंत, उष्णतेचा एक हिस्सा सुटला. पण विद्युतरोधक थरावरचा ताण व्होल्टेजने पडतो, तो पाण्याने उतरत नाही. याचा जुना दाखला आहे. २००२-०३ च्या सुमारास पेंटियम ४ चे नॉर्थवुड प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणाऱ्यांचे लाडके होते. मूळ व्होल्टेज दीडच्या आसपास. लोक १.७ च्या वर न्यायचे, तापमान ठीक दिसायचं आणि मग एके दिवशी प्रोसेसर एकदम मरायचा. हे इतकं व्हायला लागलं, की त्याला 'सडन नॉर्थवुड डेथ सिंड्रोम' असं नावच पडलं. नऊ गिगाहर्ट्झचे विक्रम करणारे द्रव नायट्रोजन किंवा हेलियम ओतून चिप उणे शंभर अंशांच्याही कितीतरी खाली नेतात. चिप काही मिनिटं टिकली तरी त्यांचं काम होतं. आपल्याला तिच्यावर चार-पाच वर्षं काम करायचं असतं.

"कंपनीच्या कागदावरच १.५२ लिहिलंय"

हा आक्षेप अभ्यासू पोरं घेतात आणि मला तो आवडतो, कारण त्यांनी डेटाशीट वाचलेली असते. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या डेटाशीटमध्ये कोअरसाठी १.५२ व्होल्टपर्यंतची कक्षा दिलेली आहे, हे खरं. पण प्रोसेसर व्हीआरएमला जी मागणी पाठवतो, तिच्या कोष्टकाचं ते शेवटचं टोक आहे. तिथवर मागता येतं, एवढाच त्याचा अर्थ. पूर्ण करंट ओढत, ९० अंशांवर, रोज बारा तास १.५२ द्या असं कंपनी कुठेही म्हणत नाही. जुन्या कोअर आय७-९२० साठी हेच टोक १.३७५ होतं.

"माझ्या रायझनमध्ये काही न करताच १.४५ दिसतं"

दिसतं आणि त्यात बिघाड नाही. रायझन ३००० आणि ५००० मालिकेत एकच कोअर क्षणभर पळवायचा असेल तर प्रोसेसर स्वतःच व्होल्टेज १.४५ च्या आसपास, कधी १.५ पर्यंत नेतो. त्या वेळी करंट थोडा असतो, बाकीचे कोअर निवांत असतात, आणि आतली यंत्रणा दर क्षणी तापमान व करंट पाहून व्होल्टेज खाली-वर करत असते. सगळे कोअर कामाला लागले की तीच यंत्रणा व्होल्टेज बरंच खाली आणते.

हा आकडा बघून कुणी बायोसमध्ये सगळ्या कोअरना कायमचे १.४५ व्होल्ट ठोकले, की ती राखण संपली. आता पूर्ण करंट, पूर्ण उष्णता आणि पूर्ण व्होल्टेज एकाच वेळी. आकडा तोच, पण चिपला सोसावं लागणारं ओझं वेगळं. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: व्होल्टेजचा आकडा करंट, तापमान आणि वेळ यांच्याशिवाय वाचू नका.

बायोसमध्ये लिहिलेलं आणि चिपला मिळालेलं

समजा बायोसमध्ये १.३५० लिहिलं. विंडोज उघडलं, एचडब्ल्यूइन्फो हा आतले आकडे दाखवणारा प्रोग्राम चालू केला, संगणक शांत आहे, तेव्हा १.३४४ दिसतं. सिनेबेंच ही पूर्ण भाराची चाचणी सुरू करा. पंख्याचा आवाज चढतो आणि आकडा १.२६ वर उतरतो. पुष्कळ जण इथे घाबरतात, बोर्ड खराब आहे म्हणतात. बोर्ड ठीक आहे. व्हीआरएम भार वाढला की व्होल्टेज मुद्दाम उतरवतो. एक मिलिओमचा, म्हणजे दर अँपियरला ०.००१ व्होल्टचा, उतार धरला, तर ९० अँपियरला ०.०९ व्होल्ट खाली येणारच. याला व्हीड्रूप म्हणतात.

हा उतार कमी करायला बायोसमध्ये लोडलाइन कॅलिब्रेशन, म्हणजे एलएलसी, अशी सोय असते. ती शेवटच्या पायरीवर ठेवली की लोडवरही १.३५ चे १.३५ दिसतात आणि माणूस खूश होतो. पण भार अचानक गेला की व्होल्टेज क्षणभर वर उसळी मारतं. उतार असताना त्या उसळीला खाली जागा होती, आता ती ठरवलेल्या आकड्याच्याही वर जाते. हे इतक्या थोड्या वेळात घडतं, की सॉफ्टवेअरच्या आकड्यांत ते दिसत नाही. त्याला ऑसिलोस्कोप लागतो. एलएलसी मधल्या पायरीवर ठेवा आणि थोडा उतार राहू द्या.

मोजताना बोर्डावर 'व्हीआर व्हाउट' नावाचा सेन्सर असेल तर तो बघा. साध्या व्हीकोअरच्या सेन्सरपेक्षा तो सहसा जास्त भरवशाचा असतो. आणि वेग वाढवून व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नका. अडकण्याची तक्रार येऊ नये म्हणून बरेच बोर्ड गरजेपेक्षा सढळ हाताने व्होल्टेज देतात.

आता आकडे

हे आकडे पूर्ण लोडवर प्रत्यक्ष मोजलेल्या व्होल्टेजचे आहेत, बायोसमध्ये लिहिलेल्याचे नव्हेत. कंपनीची हमी म्हणून ते घेऊ नका; ओव्हरक्लॉक करणाऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या वापरातून रुळलेले आणि मी स्वतः पाळतो ते आहेत. इंटेलच्या सहाव्या ते दहाव्या पिढीच्या १४ नॅनोमीटरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना रोजच्या वापरात १.३० ते १.३५. तिथे १.४० ही माझी लाल रेषा, तीही थंडीच्या दिवसांत आणि चांगल्या कूलरवर. चौथ्या पिढीला, म्हणजे हॅसवेलला, १.२५ ते १.३०. रायझन ३००० आणि ५००० मध्ये सगळ्या कोअरना ठरावीक व्होल्टेज द्यायचंच असेल तर १.२५ च्या आसपास थांबा आणि १.३० ओलांडू नका. खरं तर त्यांची आतली यंत्रणाच बहुतेक वेळा आपल्याहून चांगलं काम करते, तिलाच करू द्या. रायझन ५८००एक्स३डी ला हातच लावता येत नाही. त्याच्या वर रचलेल्या कॅशला, म्हणजे जवळच्या वेगवान मेमरीला, जास्त व्होल्टेज सोसत नाही, म्हणून एएमडीने त्याचा वेग ठरवणारा गुणक बंद ठेवला आहे.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीला व्होल्टेज वाढवू नका, विषय संपला. ऑगस्ट २०२४ च्या मायक्रोकोडने मागणीला १.५५ व्होल्टची कमाल मर्यादा घातली, पण ते छत आहे, तिथवर जायचं आमंत्रण नाही. बायोस अद्ययावत करा आणि इंटेलने ठरवलेली मूळ सेटिंग निवडा.

लोडवरचं तापमान उन्हाळ्यात ८५ च्या आत ठेवा. ते ओलांडत असेल तर वर दिलेला कुठलाही आकडा तुमच्यासाठी जास्तच आहे.

"मी ओव्हरक्लॉक करतच नाही, मला काय त्याचं?"

इंटेलच्या प्रकरणात कितीतरी लोकांनी बायोस उघडलासुद्धा नव्हता. आणि एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० चे, विशेषतः एक्स३डी प्रकारचे, काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. त्यामागे बऱ्याच ठिकाणी साधी गोष्ट होती. रॅम तिच्या जाहिरातीतल्या वेगाने चालावी म्हणून बायोसमधली 'एक्सपो' नावाची सोय चालू केली जायची. ते एका क्लिकचं काम. तेवढ्याने काही बोर्ड प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरकडे जाणारं एसओसी व्होल्टेज गुपचूप वर नेत होते. एएमडीने नंतर बायोसच्या अपडेटमधून ते १.३० वर बांधून टाकलं. त्या काळातला बोर्ड तुमच्याकडे असेल आणि बायोस तेव्हापासून तसाच असेल, तर आजच बदला. अपडेट चालू असताना लाइट जाणार नाही याची मात्र तजवीज करा. यूपीएस इथे खरोखर उपयोगी पडतो.

वॉरंटीबद्दलही स्पष्ट असा. एएमडीची वॉरंटी ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान धरत नाही. इंटेल त्यासाठी वेगळे पैसे घेऊन एक संरक्षण योजना द्यायची, ती २०२१ मध्ये बंद झाली.

एवढं करून मिळतं काय?

एकेकाळी फार मिळायचं. १९९८ चा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर सहज ४५० ला जायचा, म्हणजे दीडपट. २०११ चा कोअर आय५-२५००के ३.३ वरून साडेचारला जायचा. ज्याच्याकडे पैसे कमी होते त्याला महागाच्या प्रोसेसरचं काम करून घेता यायचं, आणि त्या काळात या छंदाने कित्येक पोरांना हार्डवेअर शिकवलं. आज कंपन्या चिपमधला जवळजवळ सगळा वाव आधीच वापरतात. हाताने वाढवून वरचे चार-सहा टक्के मिळाले तर मिळाले.

म्हणून मी आता उलटी वाट सुचवतो: वेग तोच ठेवा आणि व्होल्टेज कमी करा. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. कंपनीला लाखो चिपांमधल्या कमकुवत चिपही चालाव्या लागतात, म्हणून ती सगळ्यांना थोडं वाढवून व्होल्टेज देते. तुमची चिप बरी निघाली तर १.३० च्या जागी १.२२ वर तेच काम होईल, आणि वर्गाच्या हिशोबाने उष्णता सुमारे बारा टक्क्यांनी उतरेल. रायझन ५००० आणि पुढच्या मालिकांत यासाठी कर्व्ह ऑप्टिमायझर आहे, इंटेलच्या बऱ्याच बोर्डांवर ठरलेल्या व्होल्टेजमधून थोडं वजा करणारा ऑफसेट आहे. एका वेळी थोडंच उतरवा, ओसीसीटी किंवा प्राइम९५ हा चाचणीचा प्रोग्राम तासभर चालवा, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाच्या, म्हणजे हार्डवेअरच्या, चुका येतात का बघा. व्होल्टेज कमी पडल्याने चिप जळत नाही. संगणक अडकतो, किंवा एखादी फाइल लिहिताना चूक होऊ शकते, तेव्हा प्रयोगाआधी कामाचा बॅकअप घ्या. आपल्या हवेत, आपल्या धुळीत, मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो.

जुना प्रोसेसर विकत घेताना

झिजलेली चिप बाहेरून ओळखू येत नाही. सेकंडहँड बाजारात नावाच्या शेवटी 'के' असलेले, म्हणजे वेग वाढवायला मोकळे ठेवलेले, इंटेलचे प्रोसेसर भरपूर मिळतात, आणि त्यांतले कितीतरी कुणीतरी कधीतरी ताणलेले असतात. विकणाऱ्याला रागावायचं कारण नाही, त्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं. घेताना बायोस मूळ सेटिंगवर आणा आणि तुमच्यासमोर अर्धा-पाऊण तास पूर्ण लोडची चाचणी करायला सांगा. मूळ वेगावर, मूळ व्होल्टेजवर ती एकदाही अडकली किंवा डब्ल्यूएचईएची एक जरी नोंद आली, तर तो प्रोसेसर घेऊ नका. "थोडं व्होल्टेज वाढवलं की चालतो" असं कुणी सांगितलं, तर तो झिजलाय हे त्यानेच सांगितलं असं समजा. तेराव्या-चौदाव्या पिढीचा, वाढीव वॉरंटीत बसणारा प्रोसेसर असेल तर खोक्यासकट आणि बिलासकटच घ्या, म्हणजे ती वॉरंटी मागायची वेळ आलीच तर खरेदीची तारीख हातात राहील.